जोरदार जबड्याच्या कुत्र्याला चावायला काय द्यावं

रॉटवायलर, लॅब्रॅडॉर, बॉक्सर, जर्मन शेफर्ड किंवा एखादा दणकट गावठी कुत्रा घरात असला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: न तुटणारं काही आहे का? इथेच गडबड होते. खेळणं फुटलं तर काहीशे रुपये गेले म्हणायचं. दाढ फुटली तर पूर्ण भूल देऊन ती काढावी लागते, नाहीतर रूट कॅनाल. म्हणून शोधायचं ते दाताखाली दबणारं, पण तुकडा न पडू देणारं खेळणं. 'अनब्रेकेबल' लिहिलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच या कसोटीला उतरत नाहीत.

वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. कडक वस्तू तो पुढच्या दातांनी फोडत नाही, गालाच्या बाजूला सरकवतो. तिथे वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. मधे दगडासारखं काही आलं की वरच्या दाढेची बाहेरची कपची उडते. कुत्र्याच्या दातांवरचं इनॅमल आपल्यापेक्षा पातळ असतं, त्यामुळे आतली नस उघडी पडायला वेळ लागत नाही. फसगत अशी, की कुत्रा तरीही जेवत राहतो. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळ्याखाली सूज येते, तेव्हा मालकाला 'काहीतरी चावलं असेल' असं वाटतं. प्रत्यक्षात दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो.

विकत घेण्याआधीच्या दोन चाचण्या

अंगठ्याचं नख वस्तूवर जोरात रोवा. थोडी तरी खूण उमटली किंवा पृष्ठभाग दबला, तर ठीक. नख घसरलं तर ती वस्तू दाढेसाठी नाही. दुसरी चाचणी गुडघ्याची: ही वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर मारून घ्यायची हिंमत होते का? होत नसेल तर दुकानातच ठेवा.

या चाचण्यांत शिंग, खूर, म्हशीची वाळवलेली हाडं आणि बरीचशी कडक नायलॉनची हाडं नापास होतात. सांबर-चितळाच्या शिंगांचा तर भारतात व्यापारच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे 'नैसर्गिक च्यू', म्हणजे चघळायची वस्तू, म्हणून कोणी दाखवलीच तर घेऊ नका.

आपल्या घरातल्या नापास वस्तू मात्र कोणी मोजत नाही. रविवारच्या रश्श्यातली नळी ही त्यातली पहिली. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार ढलपे निघतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण गोल कापलेली नळी चाटता चाटता खालच्या सुळ्यांवरून मागे सरकते आणि जबड्यात बांगडीसारखी अडकते, हे ठाऊक नसतं. मग ती भूल देऊन कापून काढावी लागते. शिवाय रश्श्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, तो वेगळाच ताप. कोकणात करवंटी टाकतात. ती कडकही असते आणि फुटल्यावर धारदारही. नारळाच्या सोडणाचे तंतू आतड्यात गोळा होतात. मक्याचं कणीस खाऊन झाल्यावरचा बुरकुंडा आणि आंब्याची कोय या दोन्हींचा आकार आतडं बंद करायला अगदी नेमका. मे महिन्यात कोयींची बादली उघडी ठेवू नका. उसाचं कांडंही नको, त्याचा चोथा पचत नाही. गाडीच्या जुन्या टायरचा तुकडा मजबूत म्हणून दिला जातो, पण रेडियल टायरच्या आत पोलादी तारा असतात. जुनी चप्पल दिलीत, तर नव्या चपलेत आणि जुनीत फरक कुत्र्याने का करावा?

आधी चावण्याची तऱ्हा बघा

इंटरनेटवर जातींच्या नावापुढे चाव्याच्या दाबाचे आकडे फिरतात. खरेदीसाठी त्यांचा उपयोग नाही. एकाच कुत्र्याचा दाब सुळ्यांपाशी कमी आणि दाढेपाशी कितीतरी जास्त असतो. त्यापेक्षा जाड रबराचं एखादं खेळणं द्या आणि १५ मिनिटं समोर बसून नुसतं बघा.

काही कुत्रे सोलतात: पुढच्या दातांनी कडा धरून चिमटे काढतात. त्यांना शिवण, शेपटी, कान, टोक असलेलं काहीही चालत नाही. गुळगुळीत, गोलाईचं खेळणं टिकतं. काही फोडतात: वस्तू गालात सरकवतात आणि कडाकडा दाबतात. त्यांच्यासाठी जाड भिंतीचं रबर, आणि कडक खाऊ पूर्ण बंद. तिसरे गिळतात. यांत लॅब्रॅडॉर पुष्कळ. यांच्याबाबतीत मजबुतीपेक्षा आकार महत्त्वाचा, कारण तोंडात मावणारी गोष्ट पोटात गेलीच असं धरायचं. एकच कुत्रा दोन तऱ्हांचा असू शकतो; रबर फोडणारा, पण खाऊ मात्र गिळणारा.

पिल्लांचं वेगळं आहे. साधारण ३ ते ७ महिन्यांच्या दरम्यान २८ दुधाचे दात पडून पक्के येतात. त्या काळात मोठ्यांचं काळं कडक रबर देऊ नका. मऊ रबर किंवा पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये गोठवलेलं ओलं फडकं पुरतं. फडकं समोर बसूनच द्या आणि वितळलं की काढून घ्या.

रबराचं खेळणं निवडताना

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन व्हॅनचं काम चाललेलं असताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्याने उचलला आणि दगड सोडले. त्यातूनच पुढे काँग हे पोकळ रबरी खेळणं आलं. ते रबर दबतं आणि परत आकार घेतं, दात त्यात रुततो पण आरपार जात नाही. कुठल्याही कंपनीचं घ्या, हाच गुण बघा.

जोरदार जबड्यासाठी पोकळ खेळण्याची भिंत तुमच्या अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम आत जावी. सहज पिचकत असेल तर ते आठवडाभरही टिकणार नाही. काँगमध्ये लाल रबर नेहमीचं आणि काळं जास्त ताकदीच्या कुत्र्यांसाठी. मापाच्या तक्त्यात तुमचा कुत्रा दोन मापांच्या सीमेवर असेल तर मोठंच घ्या. चेंडू सुळ्यांच्या मागे जाता कामा नये; गल्ली क्रिकेटचा रबरी चेंडू मोठ्या कुत्र्याच्या घशात बरोबर बसतो. टेनिस बॉल तर दोन्हीकडून वाईट: जबड्यात दबून घशाकडे सरकतो, आणि त्याच्या लवेत अडकलेली माती सँडपेपरसारखी दात घासते.

पोकळ खेळण्याला दोन भोकं हवीत. एकच भोक असेल तर चाटताना आत निर्वात पोकळी होते आणि जीभ ओढली जाऊन अडकते. सुजलेली जीभ मग बाहेर निघत नाही. ही चूक स्वस्त चेंडूंमध्ये हमखास सापडते.

वास घ्या. पेट्रोलसारखा किंवा नव्या रेनकोटसारखा उग्र दर्प येत असेल, हाताला रंग लागत असेल, तर नको. पीव्हीसीची शिट्टीवाली खेळणी या कुत्र्यांसमोर पाच मिनिटं टिकतात आणि शिट्टी पोटात जाते. दोरीची खेळणी फक्त तुमच्या हातात दुसरं टोक असताना, ओढाओढीपुरती. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडतो आणि करवतीसारखा कापतो.

वजनकाट्याची सवय

खेळणं आणल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि तळाशी किंवा वहीत आकडा लिहून ठेवा. दर रविवारी धुऊन, वाळवून पुन्हा तोला. ४०० ग्रॅमचं खेळणं ३९८ झालं तर ती झीज आहे. ३८५ झालं आणि घरात तुकडे सापडले नाहीत, तर १५ ग्रॅम रबर कुठे गेलं ते उघड आहे. डोळ्यांना हे दिसत नाही, विशेषतः काळ्या रबरात. मटारच्या दाण्याहून मोठा तुकडा निघाला, भेग आतपर्यंत गेली किंवा कड दातेरी झाली, की खेळणं फेकायचं. महाग होतं हा विचार त्या वेळी मनात येतोच. आतड्याच्या ऑपरेशनचं बिल त्याहून कितीतरी मोठं असतं.

एका वेळी दोनच खेळणी बाहेर ठेवा, बाकीची कपाटात. चार-पाच दिवसांनी अदलाबदल केली की जुनंही नवं वाटतं आणि एकाच खेळण्यावर जबड्याचा सगळा भार पडत नाही.

आत काय भरायचं

रिकामं रबर बरेच कुत्रे दोन दिवसांत विसरतात. भरलेलं असेल तर जबड्याचं काम जिभेकडे जातं, आणि खेळणंही जास्त टिकतं.

पहिल्या वेळी गोठवू नका. कोरडं खाणं सैल भरा, सहज पडू द्या. जमत नाही म्हणून वैतागलेला कुत्रा कडा फोडायला लागतो. चार-पाच दिवसांनी ओलं भरा, मग गोठवलेलं.

३० किलोच्या कुत्र्याच्या मोठ्या मापाच्या खेळण्यासाठी: लहान भोक गाजराच्या तुकड्याने बंद करा. तळाशी ३ मोठे चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा. त्यावर ५० ग्रॅम बिनमिठाची, बिनहाडाची उकडलेली कोंबडी, ३ मोठे चमचे मऊ भात आणि लागेल तेवढं ताजं, गोड दही. वर तोंडाशी १ छोटा चमचा पीनट बटर. गाजराचा तुकडा काढा, म्हणजे हवेला वाट राहते, आणि ५ ते ६ तास फ्रीजरमध्ये ठेवा.

पीनट बटरच्या डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय ते देऊ नका. 'शुगर फ्री' प्रकारांत साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ घातलेला असू शकतो. तो कधी 'बर्च शुगर' किंवा 'ई ९६७' या नावानेही लिहिलेला असतो. थोड्याशा झायलिटॉलनेही कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासात कोसळू शकते, पुढे यकृत निकामी होऊ शकतं. मनुका, चॉकलेट, जायफळही नको. नैवेद्याची खीर किंवा शिरा उरला म्हणून खेळण्यात भरू नये, ते याचसाठी.

वरच्या मापात साधारण १७० ते १८० किलोकॅलरी होतात. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या ३० किलोच्या कुत्र्याची गरज दिवसाला सुमारे १४०० किलोकॅलरी, आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत, म्हणजे १४० मध्ये बसायला हवा. तेव्हा हे भरलेलं खेळणं म्हणजे संध्याकाळच्या जेवणाचा भाग धरा आणि ताटलीतलं तेवढं कमी करा. द्यायचं ते धुता येणाऱ्या चटईवर. खाऊन झाल्यावर लगेच उचला, नाहीतर दहा मिनिटांत मुंग्यांची रांग लागते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि बाटली धुण्याचा ब्रश पुरतो.

खायचे च्यू

दोन्ही टोकांना गाठ असलेलं पांढरं रॉहाइड, म्हणजे जनावराच्या कच्च्या कातड्याचं हाड, सगळीकडे मिळतं आणि या कुत्र्यांसाठी तेच सर्वांत गैरसोयीचं. ओलं झालं की ती गाठ सुटून बुळबुळीत गोळा होतो, गिळणारा कुत्रा तो अख्खा ओढतो, आणि तो घशात किंवा पोटात फुगतो.

छुर्पी, म्हणजे नेपाळकडचं याक-गाईच्या दुधाचं वाळवलेलं चीज, पचायला बरं असतं. पण नखाची चाचणी ते पास होत नाही. चाटणाऱ्या, खरवडणाऱ्या कुत्र्याला द्या; दाढेने फोडणाऱ्याला नको. शेवटचा ४-५ सेंमीचा तुकडा काढून घ्या, पाण्यात थोडा भिजवा आणि मायक्रोवेव्हमध्ये ३० ते ६० सेकंद ठेवा. तो फुगून कुरकुरीत होतो. पूर्ण गार झाल्यावरच द्या, आतून तो बराच वेळ गरम असतो.

म्हशीची वाळवलेली श्वासनलिका, बकऱ्याचे कान, कोंबडीचे वाळवलेले पाय हे दातांना त्रास देत नाहीत. मात्र मोठा कुत्रा ते दोन मिनिटांत संपवतो. यांना खाऊच म्हणायचं, वेळ घालवायचं साधन नव्हे. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्यावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

घरी करायचं तर रताळं. सालासकट धुऊन लांबीच्या दिशेने ८ ते १० मिलीमीटर जाड फाका करा. पातळ केल्या तर वेफर होतो आणि जाड ठेवल्या तर मध्ये ओल राहते. १२० अंश सेल्सियसला अडीच ते तीन तास, मध्ये एकदा उलटवून. वाकवल्यावर चामड्यासारखी वाकली पाहिजे. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. पावसाळ्यात उन्हात वाळवायचा प्रयत्न करू नका. आणि जून ते सप्टेंबरमध्ये विकतचा वाळवलेला खाऊही उघडल्यावर हवाबंद डब्यात, फ्रीजमध्येच ठेवा. हिरवट-पांढरा डाग दिसला तर पुसून देऊ नका, पाकीटच टाका.

काढून घेताना, आणि अडकलं तर

तोंडातून हिसकावू नका. हिसकावणं शिकलेला कुत्रा गिळणं शिकतो. चिकनचा तुकडा नाकासमोर धरा, तोंड उघडलं की 'सोड' म्हणा, वस्तू घ्या, आणि जमेल तेव्हा ती परतही द्या.

घशात अडकून श्वास घेता येत नसेल तर तोंड उघडून बघा. वस्तू दिसत असेल तरच बोटांनी बाजूने ओढा, आंधळेपणाने बोट घातलं तर ती आणखी आत जाते. निघाली नाही तर मागून कवेत घेऊन बरगड्यांच्या अगदी खाली मूठ ठेवा आणि आत-पुढे असे पाच झटके द्या, पुन्हा तोंड बघा, आणि त्याच वेळी कोणाला तरी गाडी काढायला सांगा.

तुकडा पोटात गेला असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. मिठानेच विषबाधा होते. वारंवार उलटी, जेवण बंद, शी न होणं, पोटाला हात लावू न देणं यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका, कापूही नका. कापड आणि प्लॅस्टिक एक्स-रेवर नेहमी दिसत नाहीत, म्हणून खेळण्याचा उरलेला भाग आणि वजनाची वही दोन्ही डॉक्टरांकडे सोबत न्या.