अक्कलदाढ काढून आलात? आज चूळ भरू नका

तोंडात रक्ताची खारट चव, बधिर झालेला गाल आणि समोर बेसिन. अशा वेळी खळखळून चूळ भरायचा मोह कुणालाही होतो. पण पहिले चोवीस तास तो आवरा. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तेच खालच्या हाडावरचं झाकण. जोरात थुंकलं, स्ट्रॉने शहाळं ओढलं, विडी-सिगारेट पेटवली की ती निसटू शकते आणि हाड उघडं पडतं. यालाच 'ड्राय सॉकेट' म्हणतात. त्याची खूण अशी: कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या दिवसाच्या आसपास उलट वाढतं, ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. मग घरी लवंगेचं तेल ओतत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. मिश्री लावणाऱ्यांनी तर डबी काही दिवस नजरेआडच ठेवावी.

दुसरी खोड म्हणजे डॉक्टरांनी दाढेच्या जागी ठेवलेला कापसाचा बोळा दर पाच मिनिटांनी काढून बघणं. तो अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा असतो. थेंबभर रक्तही लाळेत मिसळलं की भरपूर दिसतं. तरीही झिरपत राहिलं तर टी-बॅग भिजवून, गार करून त्या जागी अर्धा तास चावून धरा. चहातल्या टॅनिनने रक्त गोठायला मदत होते. त्यानेही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

आमच्याकडे सूज दिसली की तव्यावर फडका तापायला लागतो. पहिल्या दिवशी शेकल्याने सूज वाढते. तेव्हा बर्फच हवा, तोही रुमालात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं गालावर आणि तेवढीच विश्रांती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढतेच, घाबरू नका. त्यानंतर मात्र कोमट शेकाने आखडलेला जबडा मोकळा होतो. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत राहिली, ताप आला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या.

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात नुसतं फिरवा आणि ओघळू द्या.

खाण्यात गार पेज, दहीभात, केळं. माझ्या दहीभाताला आईने मायेने फोडणी दिली होती. त्यातली एक मोहरी खड्ड्यात जाऊन बसली, ती चार दिवस मुक्कामाला होती.