कुंडीतली मिरची: बियांपासून लावताना या चुका टाळा

कोल्हापुरात गच्चीवरची मिरची किडीपेक्षा जास्त पाण्याने मरते. माती कधीच वाळू द्यायची नाही, असं आपण मनाशी धरून चालतो, आणि मिरचीला नेमकं तेच सोसत नाही. खालच्या बहुतेक चुका फिरून तिथेच येतात.

पहिली चूक वेळेची. मृग लागला की बी टाकायचं, हा शेताचा हिशेब आहे. शेतात वाफे उंच करता येतात, पाणी चरीतून निघून जातं. गच्चीवर जूनमध्ये टाकलेलं बी उगवतं, पण कोवळी रोपं जुलैच्या संततधारेत सापडतात. चार-चार दिवस ऊन नाही आणि कुंडी चिंब. त्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटी किंवा गणपतीच्या सुमारास, पाऊस लागणार नाही अशा उजेडाच्या जागी बी टाका. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास, रोपं मोठ्या कुंडीत जातात.

बी कुठलं घ्यायचं? चटणीसाठी आणलेल्या वाळक्या मिरचीतलं बी बरेच जण टाकतात. ती मिरची कडक उन्हात वाळलेली आणि किती जुनी ते माहीत नसलेली, त्यामुळे उगवण बेभरवशाची. टाकायचंच असेल तर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. आठ-दहा दिवसांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर ते बी सोडून द्या. संकरित वाणाच्या फळातलं बी धरलंत तर पुढचं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नाही. लवंगी किंवा संकेश्वरीचं खात्रीचं बी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही.

बी खोल पेरू नका, अर्धा सेंटिमीटर पुरे. 25 ते 30 अंशात ते आठ-दहा दिवसांत वर येतं. तेवढे दिवस वरची माती ओलसर हवी, चिखल नको.

आता रोपं कोलमडण्याचं. बी छान उगवतं, दोन पानं येतात, आणि एका सकाळी रोपं आडवी पडलेली दिसतात. जवळून पाहा: मातीला टेकलेला देठाचा भाग तपकिरी, पाणचट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. वरची पानं मात्र अजून हिरवी. ही बुरशी आहे. रोप सुकलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात आणि उरलेलीही जातात. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, ते काढून टाका. बाकीच्यांचं पाणी थांबवा, वारा लागेल अशा जागी हलवा. पुढच्या वेळी बी दाट टाकू नका, माती नवी घ्या आणि तिच्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी, मिसळा.

चार-पाच आठवड्यांचं, पाच-सहा पानांचं रोप मोठ्या कुंडीत लावायचं. एका झाडाला बारा इंची कुंडी किंवा तळाला भोकं पाडलेला तेलाचा पत्र्याचा डबा चालतो. नुसती काळी माती भरू नका. कुंडीत ती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट साधारण सारख्या प्रमाणात घ्या. ताजं शेण किंवा साखर कारखान्याची न कुजलेली मळी मुळांना भाजते. कुंडी विटांवर ठेवा, नाहीतर स्लॅबला टेकलेली भोकं बंद होतात. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. ओल लागली तर आज पाणी नको.

ऊन रोज सहा तास तरी हवं. पण सावलीतलं रोप एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका, आठवडाभर थोडं थोडं वाढवा.

झाड हिरवंगार, पण फूल धरत नाही? युरिया किंवा शेणखताची स्लरी जास्त होतेय. फुलं येतात आणि गळतात? माती एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा तुडुंब होत असेल, किंवा एप्रिल-मेचा उन्हाळा असेल. पारा 35 च्या वर गेला की मिरची फूल टिकवत नाही. तेव्हा दुपारी हिरवी जाळी धरा.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो बोकड्या, म्हणजे पानं आकसून वाकडी होणं. पानं आकसली की लगेच औषध मारू नका, आधी पान उलटून बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबला तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड. दोन्हींवर कडुनिंबाचं तेल, लिटरला 5 मिली, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा, आठवड्याने पुन्हा. पण पानं बारीक, पिवळसर, गुच्छासारखी झाली आणि झाड खुंटलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. कितीही जीव लागला असला तरी ते झाड उपटा, नाहीतर शेजारच्या कुंड्या जातील.

बी धरायचं असेल तर झाडावरच लालभडक झालेलं निरोगी फळ घ्या आणि सावलीत वाळवा. ढोबळी आणि लवंगी शेजारी लावल्या असतील तर ते बी पेरायला ठेवू नका. मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात आणि पुढच्या वर्षी भलतीच मिरची निघू शकते.