‘फ्यूचर सिटी’चा फॉर्म घरी आला की

‘फ्यूचर सिटी’ ही इथे अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी होणारी इंजिनिअरिंगची स्पर्धा: टीमने भविष्यातलं एक शहर कल्पायचं आणि ते निबंध, छोटं मॉडेल आणि सादरीकरणातून मांडायचं. सहावी ते आठवीतल्या पोराने शाळेतून ‘फ्यूचर सिटी’चा फॉर्म आणला, की इथल्या आपल्या घरांत पहिली चर्चा होते ती मॉडेलची. फोमबोर्ड, ग्लू गन, रंग. ती खरेदी आत्ता नको. आधी या वर्षीचं नियमांचं पुस्तक डाउनलोड करा आणि मुलांनाच वाचायला लावा, कारण विषय दरवर्षी बदलतो. 2020-21 मध्ये चंद्रावरची वस्ती होती, 2024-25 मध्ये तरंगतं शहर. थोरल्या बहिणीची जुनी फाइल नुसती चाळायला ठीक.

टीममध्ये किमान तीन मुलं, एक शिक्षक आणि एक मेंटर, म्हणजे बाहेरचा मार्गदर्शक, लागतो. मेंटरची आपल्याकडे वानवा नाही, गल्लीत तीन इंजिनिअर सापडतात. फक्त त्यांतले सगळे सॉफ्टवेअरचे नसतील असं बघा. पाणीपुरवठा, वीज, बांधकाम यांपैकी एखाद्या क्षेत्रातला काका किंवा मावशी मिळाली तर सोनंच. मेंटरने प्रश्न विचारायचे, पेन्सिल धरायची नाही, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून टाका.

मग निबंध. मर्यादा 1500 शब्दांची आणि खरं इंजिनिअरिंग इथेच आहे. शहर आजपासून किमान शंभर वर्षांनंतरचं हवं म्हटल्यावर मुलं थेट उडत्या गाड्यांवर जातात. तिथून त्यांना खाली आणायला जवळचं एखादं खरं काम दाखवा. न्यू जर्सीत राहत असाल तर एका रविवारी होबोकेनला घेऊन जा. 2012 च्या सँडी वादळात हे गाव पाण्याखाली गेलं होतं. तिथे 2023 मध्ये एक पार्क उघडलं. वर खेळायची मैदानं, खाली टाक्या, आणि पावसाचं सुमारे 20 लाख गॅलन पाणी तिथे धरून ठेवता येतं. मुलांना तिथे उभं करून विचारा: हे पाणी थांबवलं नसतं तर कुठे गेलं असतं? टाकी भरली तर पुढे काय? एवढीच जागा पार्किंगला दिली असती तर कोण खूश, कोण नाराज? काय मिळवलं आणि त्यासाठी काय सोडलं, हे ज्या टीमला सांगता येतं तिचा निबंध उभा राहतो. नुसतं ‘आमच्या शहरात प्रदूषण नाही’ या वाक्यात पाणी मुरतं, हे परीक्षकही ओळखतात.

निबंधाचा कच्चा खर्डा हातात आला की मॉडेल. खर्चाची मर्यादा 100 डॉलर आणि भर टाकाऊ वस्तूंवर, म्हणून दह्याचे डबे, औषधांच्या बाटल्या, मोडक्या खेळण्यातली मोटर सप्टेंबरपासूनच गॅरेजमध्ये साठवा. पावत्या एका पाकिटात. कापाकापी करण्याआधी स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान, ते ठरवा आणि गणित मुलांना करू द्या. 1:500 धरलं तर 12 मीटरची बस 24 मिलिमीटर होते आणि माणूस साबुदाण्याएवढा. मग इमारतीशेजारी चिकटवलेली खेळण्यातली मोटार किती अवाढव्य आहे ते त्यांना आपोआप दिसतं. मॉडेलमध्ये निदान एक हलता भाग लागतो. तो निबंधातल्या मुख्य कल्पनेचाच असावा. कोपऱ्यात उगाच फिरणारी पवनचक्की नको. आणि हो, बेस कापण्यापूर्वी गाडीची डिकी मोजा. प्रादेशिक फेरी जानेवारीत असते आणि बर्फातून फोमबोर्डचं शहर हातात धरून नेणं काही खरं नाही. दोन तुकड्यांत सुटणारा बेस उत्तम.

सादरीकरण सात मिनिटांचं. वेशभूषा आणि विनोद चालतील, पाठांतर मात्र लगेच कळतं. खरी परीक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांत, कारण तिथे मेंटर मदतीला नसतो. सराव म्हणून व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना परीक्षक करा. ‘अगं, पण वीज गेली तर लिफ्टमधल्या माणसांचं काय?’ असे प्रश्न त्यांनाच सुचतात. प्रत्येक मुलाला मॉडेलच्या प्रत्येक भागाबद्दल बोलता आलं पाहिजे, ‘ते आर्यनने केलंय’ हे उत्तर नव्हे.

प्रकल्पाचं नियोजनही गुणांत धरलं जातं, तेव्हा बैठकीच्या नोंदी मुलांनीच, त्याच दिवशी लिहाव्यात. शेवटच्या आठवड्यात आईने टाइप केलेल्या नोंदी एकसुरी दिसतात.

आदल्या रात्री एका पिशवीत जादा बॅटऱ्या, दुहेरी टेप, कात्री, छोटा स्क्रूड्रायव्हर, पावत्यांचं पाकीट. दुसऱ्या पिशवीत पोळीचे रोल. हॉलमध्ये मागच्या रांगेत बसा आणि ओठ हलवून उत्तरं सांगू नका.