टायट्रेशनच्या आदल्या रात्री

बारावीच्या प्रॅक्टिकलला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन (एक द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याशी अभिक्रिया पुरी करायची आणि त्यावरून तीव्रता काढायची) आलं की हात बहुतेकांचा बरा चालतो, मार्क जातात गणितात. तेव्हा आधी गणित पक्कं करा.

पहिलं, ऑक्झॅलिक ॲसिडचं लेबल नीट वाचा. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर वस्तुमान १२६ घ्यायचं, ९० नाही. ०.०५ मोलरचं (लिटरमागे ०.०५ मोल; मोल हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) २५० मिली द्रावण करायला ०.०५ × ०.२५० × १२६, म्हणजे १.५७५ ग्रॅम लागतं. ते थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत पाणी घाला. २५० मिली पाणी मोजून त्यात पावडर टाकली, तर ते ०.०५ मोलर होत नाही.

आता खरी मेख. ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान) सगळ्यांना पाठ असतं, पण ते फक्त पाणी घालून पातळ करण्यापुरतं. १० मिली द्रावण १०० मिली केलं, तर ०.१ मोलरचं ०.०१ झालं, इतकंच. दोन पदार्थांची अभिक्रिया झाली की समीकरणातलं गुणोत्तर आणावंच लागतं. इथे परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिक ॲसिडच्या ५ मोलांना पुरतात. समजा पिपेटने वरचं ०.०५ मोलर ॲसिड १० मिली घेतलं आणि ब्युरेटचं, म्हणजे परमँगनेट भरलेल्या मोजनळीचं, रीडिंग ९.८ मिली आलं. ॲसिड ०.५ मिलिमोल, त्याला परमँगनेट ०.५ × २ ÷ ५ म्हणजे ०.२ मिलिमोल, आणि ०.२ ÷ ९.८ म्हणजे ०.०२०४ मोलर. गुणोत्तर विसरलात तर ०.०५१ येतं, थेट अडीचपट. हे उदाहरण कागदावर, उत्तर झाकून, पुन्हा सोडवा.

ब्युरेट परमँगनेटनेच खंगाळायचं, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. कोनिकल फ्लास्क मात्र ॲसिडने खंगाळू नका, नुसतं डिस्टिल्ड वॉटर पुरे. तिथे पाणी राहिलं तरी ॲसिडचे मोल तेवढेच राहतात. (हे व्हायव्हात हमखास विचारतात.) विरल सल्फ्युरिक ॲसिड घालून ६०-७० अंशांपर्यंत तापवा. हायड्रोक्लोरिक चालत नाही, परमँगनेट त्यातून क्लोरीन काढतं. परमँगनेटचा रंग गडद असल्याने ब्युरेटचं रीडिंग द्रवाच्या वरच्या कडेवरून घ्या.

परमँगनेट आधी दहापट पातळ केलं असेल, तर मूळ द्रावणासाठी उत्तराला १० ने गुणा. आणि कॅल्क्युलेटरवरचं ०.०२०४०८१६ जसंच्या तसं उतरवू नका, ०.०२०४ लिहा आणि पुढे ‘मोलर’ लिहायला विसरू नका.