दादांच्या वेळेला आपोआप लागणारा रेडिओ

आमचे दादा शिरोलीच्या फाउंड्रीत होते. पहिल्या पाळीला निघण्याआधी रेडिओ ऐकायचा, ही त्यांची कायमची सवय. आता काचबिंदूमुळे दिसत नाही, आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात ट्रान्झिस्टरची खरखरच जास्त. रोज कुणाला तरी 'रेडिओ लाव की' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून माजघरातल्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर ही सोय केली. सहाला रेडिओ आपला आपण लागतो, आठला बंद होतो.

आधी व्हीएलसी प्लेअर घ्या, तो फुकट आहे. मग हव्या त्या स्टेशनची थेट प्रसारणाची लिंक शोधा. रेडिओ ब्राउझर नावाच्या खुल्या सूचीत बऱ्याच स्टेशनांच्या लिंक मिळतात. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि एन दाबून लिंक टाका. गाणं वाजलं की कंट्रोल आणि वाय दाबून प्लेलिस्ट सेव्ह करा. फाइलच्या नावात मोकळी जागा नको.

आता टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी विंडोजमधलीच सोय, उघडून 'क्रिएट टास्क' निवडा. ट्रिगरमध्ये रोज सकाळी 6. ॲक्शनमध्ये प्रोग्रॅम म्हणून व्हीएलसी निवडा आणि खालच्या आर्ग्युमेंटच्या चौकटीत त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. प्रोग्रॅमच्या जागी नुसती फाइल देऊ नका, कारण मग ठरल्या वेळी बंद करताना शेड्युलरला व्हीएलसी सापडेलच असं नाही. बंद करायची वेळ सेटिंग्जमध्ये असते: 'स्टॉप द टास्क इफ इट रन्स लाँगर दॅन' या ओळीत 2 तास. तिथे मुळात 3 दिवस लिहिलेले असतात, ते बदलायला विसरू नका.

खरी मेख पुढे आहे. जनरल टॅबमध्ये 'युजर लॉग्ड ऑन असेल तरच' हाच पर्याय ठेवा. दुसरा निवडला तर व्हीएलसी पडद्याआड चालतो आणि आवाज येत नाही. स्क्रीन लॉक असली तरी चालते, पण लॉगिन झालेलं हवं. रात्री अपडेटने कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला असेल तर झोपण्याआधी लॉगिन करून ठेवा.

कॉम्प्युटर शटडाउन करायचा नाही, स्लीपवर ठेवायचा. कंडिशन्समध्ये 'वेक द कॉम्प्युटर'वर खूण करा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली 'वेक टायमर्स' चालू करा. दोन्ही हवंच. लॅपटॉप असेल तर 'एसी पॉवर (म्हणजे चार्जरची वीज) असेल तरच' ही खूण काढा, नाहीतर लाईट गेली की रेडिओ लागणारच नाही. अर्थात वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर हवा. चुकलेलं काम नंतर सुरू करण्याचा पर्याय मी मुद्दाम बंद ठेवलाय. दुपारी दादांचा डोळा लागलेला असताना अचानक रेडिओ लागणं मला नको.

स्पीकर मात्र फिरवायच्या बटणाचा घ्या आणि खाटेजवळ ठेवा. आवाज किती हवा, हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. माझ्या मते सगळ्या सोयीत हीच महत्त्वाची.

एखाद्या दिवशी स्टेशन गप्प झालं तर बहुधा लिंक बदललेली असते. नवी लिंक त्याच नावाने सेव्ह करा, शेड्युलरला हात लावायची गरज नाही.