गोव्यात नव्याने उघडलेल्या फ्रेंच बिस्ट्रोत जेवायला कसे जावे

पर्यटनाचा हंगाम जवळ आला की आसगाव, शिवोली, पणजी या भागांत नवी उपाहारगृहे उघडू लागतात आणि त्यांत अधूनमधून एखादा फ्रेंच बिस्ट्रोही असतो. फळ्यावर खडूने लिहिलेली अनोळखी नावे पाहून आपल्याकडील पुष्कळ मंडळी दारातूनच परत फिरतात, किंवा आत जाऊन संकोचाने सर्वांत महाग पदार्थ मागवून बसतात. वास्तविक बिस्ट्रो ही थाटामाटाची जागा नव्हे. ओव्हेर्न या फ्रान्सच्या डोंगराळ प्रांतातून पोटापाण्यासाठी पॅरिसला आलेले लोक एकोणिसाव्या शतकात एकाच दुकानातून कोळसा आणि वाइन विकत असत, आणि अशा दुकानांना जोडून पुढे साधे, घरगुती जेवणही मिळू लागले. बिस्ट्रोची मुळे अशा जागांत आहेत, त्यामुळे त्याचे नाते पंचतारांकित हॉटेलापेक्षा आपल्या खानावळीशी अधिक जवळचे आहे. तेथे जाणाऱ्याने मोकळेपणाने विचारावे, थोडेच मागवावे आणि त्या दिवशी फळ्यावर जे असेल त्याला प्राधान्य द्यावे, एवढे धोरण पुरेसे आहे.

जाण्यापूर्वी

नव्या उपाहारगृहाचा स्वयंपाकी आणि वाढपी यांची घडी बसायला काही आठवडे लागतात. उद्घाटनाच्या गर्दीत जाण्यापेक्षा थोडे थांबून, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी दुपारी जाणे मला अधिक योग्य वाटते, कारण शनिवारी रात्री ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणाला सवड नसते, तोच प्रश्न बुधवारी दुपारी विचारल्यास स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन बोलण्याची शक्यता असते. फ्रान्समध्ये दुपारच्या वेळी ठरावीक किमतीत दोन पदार्थांचे जेवण देण्याची पद्धत आहे. त्यात सुरुवातीचा पदार्थ व मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ व गोड पदार्थ अशी जोडी असते. अशी सोय येथे आहे का, याची फोनवरच चौकशी करावी. त्याच वेळी टेबल राखून ठेवावे आणि दुपारचे स्वयंपाकघर किती वाजता बंद होते हेही विचारून घ्यावे, कारण दुपार आणि रात्र यांच्या मधल्या वेळेत अशा ठिकाणी बहुधा जेवण मिळत नाही.

मासे खाण्याच्या हेतूने जाणाऱ्यांनी पंचांगाइतकेच मासेमारीच्या वेळापत्रकाकडेही लक्ष द्यावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटात येणारा मासा कोठून आला हे विचारण्यात काहीही गैर नाही.

फळा वाचताना

बिस्ट्रोत छापील कार्डाच्या आधी फळा वाचावा. ‘प्ला द्यू जूर’ म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ; बाजारात जे चांगले मिळाले त्यातून तो केलेला असतो आणि तो बहुधा लवकर संपतो. फ्रेंच कार्डात ‘आंत्रे’ हा सुरुवातीचा पदार्थ असतो, तर अमेरिकी धाटणीच्या कार्डांत तेच नाव मुख्य पदार्थाला दिलेले असते. किंमत पाहिली की कोणती पद्धत वापरली आहे ते कळते. आणखी एक फरक आधीच ध्यानात घ्यावा: आपण भांडी मध्ये ठेवून सर्वांनी वाढून घेतो, येथे मात्र प्रत्येकाचे ताट वेगळे येते. तरीही सुरुवातीचे एक-दोन पदार्थ वाटून खायचे असल्यास जादा थाळ्या मागाव्यात; त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

शाकाहार, अंडे आणि मांस यांची चौकशी

या पायरीवर घाई करू नये. फ्रेंच स्वयंपाकात पदार्थाच्या नावात मांस नसले तरी पातेल्यात ते असू शकते. कांद्याचे सूप हे त्याचे ठळक उदाहरण होय: लोण्यात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा, वर पावाचा तुकडा आणि वितळलेले चीज असे त्याचे निरुपद्रवी रूप असले, तरी पारंपरिक कृतीत त्याचा आधार गोमांसाचा स्टॉक, म्हणजे हाडे-मांस उकळून काढलेले पाणी, असतो. ‘कीश लॉरेन’ अंडी आणि साय यांची वाटते, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘सालाद निस्वाज’ या कोशिंबिरीत टूना किंवा अँकोव्ही हे मासे असतात, आणि ‘क्रोक मस्य’ हे चीजचे गरम सँडविच हॅमशिवाय होतच नाही. बटाट्याच्या काचऱ्यासुद्धा काही ठिकाणी बदकाच्या चरबीत तळतात.

शाकाहारी व्यक्तीसाठी तुलनेने निर्धास्त पदार्थही आहेत. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी ऑलिव्ह तेलात शिजवून केलेली ‘रातातुई’ ही नीस शहराकडची भाजी आहे. बटाट्याचे पातळ काप दूध, साय आणि लसूण यांत भाजून केलेला ‘ग्राताँ दोफिन्वा’ पोटभरीचा असतो. चीजच्या बाबतीत मात्र कडक शाकाहारींनी सावध राहावे, कारण कोंते किंवा अस्सल नॉर्मंडी कामांबेर यांसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात. गोड पदार्थांत अंडे जवळजवळ सर्वत्र असते: क्रेम ब्रुलेत बलक असतो, तर चॉकलेट मूसमध्ये अनेकदा कच्चे अंडे असते.

गोव्यात बीफ उघडपणे विकले आणि वाढले जाते. काही कार्डांवर मात्र केवळ ‘टेंडरलॉइन’ (कमरेकडील मऊ मांस) एवढेच लिहिलेले असते. ते कोणत्या जनावराचे आहे हे मागवण्यापूर्वी विचारावे. वाइनमध्ये शिजवलेल्या कोंबडीतून किंवा सॉसमधून शिजताना सगळा मद्यांश निघून जातोच असे नाही, ही गोष्ट मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. सोमवारी किंवा गुरुवारी ‘आज मी शिवराक’ (शाकाहारी) म्हटले की गोव्यातल्या घरात पुढचे काही सांगावे लागत नाही, पण बिस्ट्रोतला वाढपी दार्जिलिंगचा किंवा दिल्लीचा असू शकतो. म्हणून मांस, मासे, अंडे आणि स्टॉक असे चार शब्द स्पष्ट उच्चारून विचारावे आणि उत्तराबद्दल शंका वाटल्यास स्वयंपाकघरात विचारून येण्याची विनंती करावी.

काय मागवावे

पहिल्या भेटीत साधे पदार्थ मागवावेत, कारण स्वयंपाकघराची खरी परीक्षा त्यांतच होते. फ्रेंच ऑम्लेट बाहेरून फिकट पिवळे, डागविरहित आणि आतून ओलसर असते. ते कच्चे राहिले असे समजून परत पाठवू नये. पिठात घोळवून लोण्यात परतलेला आणि लिंबू पिळलेला ‘मनिएर’ पद्धतीचा मासा हाही उत्तम कस लावणारा पदार्थ आहे. मुळात तो सोल माशाचा करतात, त्यामुळे आपल्याकडील लेपो या तशाच चपट्या माशाला ही पद्धत छान मानवते. पांढऱ्या वाइनमध्ये वाफवलेल्या शिनाण्या (काळ्या शिंपल्यांचा एक प्रकार) मिळाल्यास एका रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून बाकीच्यांतले मांस काढून खावे. शिजूनही न उघडलेले शिंपले बाजूला ठेवावेत.

स्टेक मागवताना तो किती भाजावा हे सांगावे लागते. ‘आ प्वाँ’ म्हणजे मध्यम, पण फ्रेंच मध्यम आपल्या अपेक्षेपेक्षा लाल असते. लाल रंग नको असेल तर ‘बियाँ क्वी’, म्हणजे पूर्ण भाजलेला, असे सांगावे. कच्च्या मांसाचा ‘तार्तार’ हा प्रसिद्ध पदार्थ आहे, परंतु गोव्याच्या उष्ण हवेत, ज्या स्वयंपाकघराची अजून ओळख पटलेली नाही तेथे, तो पहिल्या भेटीत मी सुचवणार नाही. तिखट नाही म्हणून लगेच मिरची मागण्याऐवजी दिजाँ मोहरीची चटणी मागावी; ती नाकाला चांगलीच झोंबते.

टेबलावर

फ्रान्समध्ये पावाची टोपली जेवणाबरोबर फुकट येते, पाव टेबलावरच ठेवतात आणि बिस्ट्रोत उरलेला सॉस पावाने टिपून खाणे चालते. रोज सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे आणि पोळी हे पाव घेणाऱ्या गोंयकाराला ‘बागेत’ या लांब फ्रेंच पावाबद्दल मत द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. येथे पावाचे वेगळे पैसे आकारतात का हे विचारावे. पाण्याची बाटली न विचारता उघडली जाऊ नये म्हणून साधे पाणी हवे असल्यास बसल्या बसल्या सांगावे.

आयात केलेली वाइन करांमुळे महाग पडते. नाशिकच्या वाइनचा एक पेला बहुतेक पदार्थांबरोबर पुरेसा होतो. पूर्ण बाटली घेतल्यास वाढपी आधी घोटभर चाखायला देतो. त्या वेळी वाइन बिघडलेली नाही ना, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत नाही ना, एवढेच पाहायचे असते. न आवडल्यामुळे ती परत करता येत नाही. गोव्यात मद्यपानासाठी वयाची किमान मर्यादा २१ वर्षे आहे, आणि वाहनचालकाच्या १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश असणे हा गुन्हा आहे. त्यामुळे परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवावे. खाणे संपल्यावर काटा आणि सुरी थाळीत शेजारी-शेजारी ठेवावी, म्हणजे वाढपी थाळी उचलतो. कॉफी गोड पदार्थानंतर येते. बरोबर हवी असल्यास तसे सांगावे.

बिल

फ्रेंच पद्धतीत मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. ते दुर्लक्ष नसते. हॉटेलच्या आवारात नसलेल्या उपाहारगृहात खाद्यपदार्थांवर साधारणतः ५ टक्के जीएसटी लागतो. मद्य जीएसटीबाहेर असल्याने त्यावरचा राज्याचा कर वेगळा दाखवलेला असतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते बिलात आपोआप जोडण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. ते जोडलेले आढळल्यास काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सेवा आवडली असेल तर बक्षिशी थेट वाढप्याच्या हाती द्यावी.

एखादा पदार्थ बिघडला असेल तर घरी जाऊन इंटरनेटवर तारे कापण्याआधी तेथेच सांगावे. नव्या स्वयंपाकघराला चूक सुधारण्याची संधी असते आणि बहुधा पदार्थ बदलूनही मिळतो. निघताना फळा कोणत्या वारी बदलतो हे विचारून घ्यावे आणि पुढचे टेबल त्या दिवसाचे राखावे.