रक्ताच्या कॅन्सरवरचा शोधनिबंध कसा शोधायचा, कसा वाचायचा

घरात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या किंवा इतर कुठल्या डॉक्टरांचे संशोधन वाचायचे असेल, तर नुसते गूगल करण्यापेक्षा पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंध शोधायची वेबसाइट उघडा. रोमन लिपीत आधी आडनाव, जागा सोडून आद्याक्षरे आणि लगेच चौकोनी कंसात 'एयू' ही अक्षरे टाइप करा. पाटील, जैन, शहा अशा आडनावांना ढीगभर निबंध निघतात, त्यात हाडांचे आणि डोळ्यांचे डॉक्टरही येतात. म्हणून पुढे आजाराचे नाव जोडा. 'नवी मुंबई' जोडून चाळणी लावू नका: त्याच डॉक्टरांच्या नावापुढे कधी टाटा मेमोरियल सेंटर, मुंबई असते, तर कधी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट, आणि नेमका हवा तो निबंध गळून पडतो.

औषधाच्या नावानेही असाच घोटाळा होतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेली कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याची) उपचारपद्धती बातम्यांत नेक्सकार१९ म्हणून येते, पण निबंधाच्या शीर्षकात टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल असते. दोन्ही नावांनी शोधा. निबंध मागे घेतला असेल, तर पबमेडच्या पानावर तशी ठळक सूचना असते. ती आधी बघा.

निबंध हाती आला की सारांशातल्या टक्केवारीवर थांबू नका. थेट पहिल्या तक्त्याकडे जा. कोणते रुग्ण घेतले आणि कोणते वगळले, हे समजल्याशिवाय त्या टक्केवारीला काही अर्थ नाही. उदाहरणार्थ, एपीएल या ल्युकेमियावरचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारावरचा, २०१३ चा युरोपातला अभ्यास. केमोऐवजी आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि एट्रा ही औषधे दिलेल्या गटात २ वर्षांनी ९७% रुग्ण आजार न उलटता जिवंत होते, तर एट्रा-केमोच्या गटात ८६%. आकडा उत्तम आहे. पण निदानावेळी पांढऱ्या पेशी १०,००० पेक्षा जास्त असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हतेच. तुमच्या रुग्णाचा आकडा ४०,००० असेल, तर हे ९७% त्याला लागू करता येत नाहीत. शिवाय घेतलेले रुग्ण १६२ आणि निकालात मोजलेले १५६. असा फरक दिसला की गळलेले का गळले, हे वाचायचेच.

एककांत माणसे हमखास फसतात. निबंधात पांढऱ्या पेशी '१० गुणिले १० चा ९ वा घात प्रति लिटर' अशा लिहितात. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर तेच १०,००० असते. हिमोग्लोबिन ८० ग्रॅम प्रति लिटर म्हणजे आपले ८. एमआरडी, म्हणजे उपचारांनंतर उरलेला सूक्ष्म आजार, ०.०१% असेल तर १०,००० पेशींत १ कॅन्सरपेशी. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बीसीआर-एबीएल या दोषी जनुकाचे प्रमाण ०.१% किंवा कमी असेल, तर प्रतिसाद चांगला मानतात, मात्र रिपोर्टवर 'आयएस' म्हणजे इंटरनॅशनल स्केल लिहिलेले हवे. ते नसेल, तर ठाण्यातल्या एका लॅबचा आकडा वाशीतल्या दुसऱ्या लॅबशी किंवा निबंधातल्या आकड्याशी ताडून बघू नका.

मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा आलेख, म्हणजे किती रुग्ण किती काळ सुखरूप राहिले ते दाखवणारा. रेषेवरच्या बारीक उभ्या खुणा मृत्यू दाखवत नाहीत. त्या रुग्णांची नोंद तिथपर्यंतच आहे, एवढेच. आलेखाखालच्या ओळीत त्या त्या वेळी किती रुग्ण उरले होते ते दिलेले असते. उजव्या टोकाला ४-५ जणच उरले असतील, तर तिथली सपाट रेषा पाहून हुरळू नका. 'मीडियन नॉट रीच्ड' म्हणजे ती घटना (मृत्यू किंवा आजार उलटणे) घडलेल्या रुग्णांचे प्रमाण अजून निम्म्यापर्यंत पोचलेले नाही. पाठपुरावा ८ महिन्यांचाच असेल, तर त्यात फारसे नवल नाही. हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या घटनेच्या वेगांचे गुणोत्तर, ०.७० असेल तर त्याचा अर्थ ३०% जास्त लोक वाचले असा होत नाही. घटनेचा वेग ३०% कमी, असा तो होतो, आणि त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, १ ओलांडत असेल, तर तेवढेही ठामपणे म्हणता येत नाही.

पूर्ण निबंधाला पैसे मागत असतील, तर पबमेड सेंट्रलवर मोफत प्रत आहे का बघा. नसेल, तर संपर्क-लेखकाला ईमेल करून प्रत मागा. देत नाहीत असे समजू नका, बरेच जण देतात.

ओपीडीत वीस पानांचा गठ्ठा नेऊ नका. पहिला तक्ता आणि वगळण्याच्या अटी यांची प्रिंट घ्या, शेजारी आपल्या रुग्णाचे वय, निदानावेळच्या पांढऱ्या पेशी, जनुकीय तपासणीचा निकाल आणि आधी झालेले उपचार लिहा, आणि विचारा: "डॉक्टर, यातल्या कुठल्या अटीत आमचा रुग्ण बसत नाही?" निबंधातला डोस पाहून घरी गोळी कमी-जास्त करायची नाही, बंद तर मुळीच नाही.